नाडी बघितल्याशिवाय

छत्रपती संभाजीनगर,
१० नोव्हेंबर २०२५

वच्छलाबाई, नमस्कार.

आपल्या डोळ्यांच्या दवाखान्याची गाडी उद्या कन्नडच्या कॅम्पला निघते आहे, म्हणून ड्रायव्हर कडूबाजवळ हे पत्र देतो आहे. कारण खास असं काही नाही. मेट्रनची खुर्ची सोडून तुम्ही गावी पुतण्याकडे राहायला गेलात, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. तुमच्या या कॉम्प्युटरवाल्या विश्वजितनं मधल्या काळात साधी खुशालीही विचारली नाही, हे आज अचानक लक्षात आलं.

तुमची तब्येत कशी आहे? साहेबराव बरे आहेत ना? घरातली सगळी मंडळी, म्हणजे अगदी सगळीच, बरी आहेत ना?

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. केला होता. साहेबरावांनी उचलला. मागं बरीच माणसं जमल्याचा आवाज येत होता. मला पुढं काही बोलवेना, म्हणून ठेवून दिला.

एक विनंती आहे. उत्तर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहा. दोन ओळी पुरेत. कडूबा संध्याकाळपर्यंत तिथंच आहे. त्याचं वागणं थोडं विचित्र वाटलं तर मनावर घेऊ नका.

आपला,
विश्वजित

*

कन्नड,
११ नोव्हेंबर

विश्वजित, आशीर्वाद.

कडूबाला काय झालंय? फाटकाशी उभा राहून माझ्याकडं नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "आत ये की." तर म्हणतो, "बाई, तुम्ही हायेत व्हय?" आणि एवढा मिशीवाला बाप्या माझ्या पायाशी बसून हुंदके द्यायला लागला. चहा पाजला तेव्हा गप्प झाला. काय झालं विचारलं, तर "मला नका विचारू, साहेब सांगतील" एवढंच. तर आता साहेबांनी सांगावं.

मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. काल घरी माणसं होती ती मक्याची. मशीन आलं होतं, सगळा गोतावळा अंगणात होता. एरवी सकाळी आठला सगळे शेतावर जातात आणि घरात मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. खरं सांगू का, दिवस जाता जात नाही. सगळा जन्म वॉर्डात "बाई, बाई" ऐकण्यात गेला, इथं कुणाला माझं काही विचारायचं नसतं.

पण तुम्ही लोकांनी एक काम लई चांगलं केलंत. दवाखान्याची स्मरणिका काढताय ना, त्यासाठी तो इंद्रजीत नावाचा मुलगा नेमलात. गुणी आहे. गेल्या महिन्यात दुपारचे फोन करायचा आणि तास तास ऐकायचा. कोण कुठं बसतं, रेकॉर्ड रूम कोण उघडतं, कोण कुणाच्या जवळचं, सगळं विचारून घ्यायचा. मीही सांगत गेले. आपल्या संस्कृतीला मी चिमणी म्हणते, तेसुद्धा सांगितलं. तिची आई गेली त्या वर्षी मी तिला रेकॉर्ड रूमला लावली, तेव्हापासूनचं ते आमच्या दोघींतलं नाव. तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

दिवाळीनंतर त्याचा फोन नाही. त्याला म्हणावं, पुस्तक लवकर काढ, बाईंना वाचायचंय.

वच्छला

*

छत्रपती संभाजीनगर,
१७ नोव्हेंबर

वच्छलाबाई, नमस्कार.

तुमचं अक्षर पाहून मी रिसेप्शनच्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. आता सांगतो.

गेल्या सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या सगळ्यांना ट्रस्टच्या कार्यालयातून आल्यासारखी एक मेल आली. वर लिहिलं होतं, ‘दुःखद वार्ता’. खाली तुमचा निरोप समारंभातला फोटो, त्याला हार घातलेला. तुम्ही पहाटे गेल्याचं कळवलं होतं. ‘अंत्यदर्शनाची वेळ आणि शोकसभा इथे पाहा’ अशी एक ओळ, त्या ओळीवर बोट ठेवलं की हुबेहूब आपल्या मेलसारखं पान उघडे आणि पासवर्ड मागे. लोक डोळे पुसत पासवर्ड टाकत गेले. टाकलेला पासवर्ड थेट चोरांकडे जात होता.

या धंद्याला फिशिंग म्हणतात. एरवी ही माणसं नदीत गळ टाकून बसतात, जो लागेल तो लागेल. या खेपेला त्यांनी आधी आपलं तळं नीट पाहून घेतलं होतं. कुठल्या माशाला काय आवडतं ते त्यांना माहीत होतं.

संस्कृतीनं मला फोन केला. "सर, पान उघडतच नाहीये. बाईंना कुठं नेणारेत? मला निघायचंय." तेव्हा मी ते पान पाहिलं. पान खोटं आहे हे मला लगेच कळलं. बातमी खोटी आहे की नाही, ते मात्र कळेना. खोट्या पानावर खरी बातमीही असू शकते. आणि घरी फोन करून "बाई खरंच गेल्या का हो?" असं कुणी विचारायचं? खरं निघालं असतं तर साहेबरावांना तोंड दाखवता आलं नसतं. सगळ्या दवाखान्यात एकालाही ते विचारवलं नाही, फोन करूनही मलासुद्धा नाही. चोरांचा भरवसा नेमका यावरच होता.

नुकसान असं. त्यांनी संस्कृतीच्या पासवर्डनं रेकॉर्डमध्ये शिरून बऱ्याच फायली कुलूपबंद केल्या. त्यात ऑपरेशनच्या पेशंटांच्या भिंगांचे नंबर होते. तिचा फोन आल्यामुळे मी सगळं लगेच बंद करू शकलो, नाहीतर काहीच उरलं नसतं. आदल्या दिवशीची प्रत वेगळी ठेवलेली होती, तीवरून दोन दिवसांत गाडी रुळावर आली. पण तेवढ्यात खुलताबाद-फुलंब्रीकडून आलेली म्हातारी माणसं ऑपरेशनशिवाय परत गेली. आता सगळ्यांचे पासवर्ड बदलले आहेत. आत शिरताना मोबाईलवर येणारा आकडाही टाकावा लागतो, त्याबद्दल मला रोज शिव्या मिळतात.

आपले सेक्रेटरी अप्पाराव म्हणतात, ज्या पासवर्डनं चोर शिरले त्या मुलीला काढा. २६ तारखेला ट्रस्टची मीटिंग आहे. मला अहवाल द्यायचा आहे.

आणि हो, स्मरणिकेचं काम सध्या थांबलं आहे. इंद्रजीतचा फोन आलाच तर फार बोलत बसू नका, एवढंच.

आपला,
विश्वजित

*

कन्नड,
१८ नोव्हेंबर

विश्वजित,

तुझं पत्र मी साहेबरावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो घाबरला, सुनेनं लगेच मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मला मात्र हसू आवरेना. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणजे साहेबरावाला अजून बरीच वर्षं माझ्या पथ्याची भाकरी पुरवावी लागणार.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. इथं तर म्हातारी मेलीच नाही, तरी काळ सोकावलाय. त्याचं बघ आधी.

हसून झाल्यावर राग आला. पासवर्ड सगळ्यांनी टाकला ना? मग एकट्या संस्कृतीला का काढायचं? फोन तिनं केला म्हणून तुला कळलं, हे तूच लिहितोस. म्हणजे जे गप्प बसले ते शहाणे, आणि बोलली ती चोर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अप्पारावांचं डोकं पहिल्यापासून असंच चालतं, पण तू कुठल्या बाजूला आहेस ते पत्रात दिसलं नाही.

आणि आपलं तळं चोरांनी पाहून घेतलं म्हणतोस, ते कुणी दाखवलं? आतलाच कुणीतरी असणार. शोधून काढ. घरचा भेदी सापडला की पोरीवरचं बालंट जाईल.

स्मरणिका का थांबवली रे? मी मेले नाही म्हणून?

वच्छला

*

पुंडलिकनगर,
२४ नोव्हेंबर

बाई,

कडूबा मामा म्हणाले तुम्ही पत्रं लिहिता, म्हणून लिहिते. फोनवर मला बोलता आलं नसतं.

तुम्ही आहात हे कळलं त्या दिवशी मी रेकॉर्ड रूमच्या मागं जाऊन लई रडले. आधी वाईट बातमीनं रडले होते, मग चांगल्या बातमीनं. आता मला रेकॉर्ड रूममध्ये बसू देत नाहीत. बाहेर खुर्ची टाकून दिलीय. येणारे जाणारे बघतात. बाबांना अजून सांगितलं नाही.

सगळे विचारतात, एवढी शिकलेली मुलगी, पासवर्ड कसा टाकलास? बाई, सगळ्यांना आलेली मेल वेगळी होती आणि मला आलेली वेगळी होती. माझ्या मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, ‘जाताना बाईंनी एकच नाव घेतलं. चिमणीला कळवा म्हणाल्या.’ ते वाचल्यावर मी काही बघितलंच नाही. पहिल्यांदा पासवर्ड चुकला म्हणून दाखवलं, तर परत टाकला. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नव्हते. या वेळी पोचायचंच, एवढंच डोक्यात होतं.

विश्वजित सरांना मी ही मेल दाखवलीय. "हे बाईंना कळवू नकोस" म्हणाले. पण मला कळवायचंय, कारण तुम्हाला वाटेल की ते नाव मीच कुणाला सांगितलं. मी कुणालाच सांगितलं नाही, बाई. आईची शपथ. चोराला ते कुठून कळलं, मला खरंच माहीत नाही.

तुमचीच,
चिमणी

*

कन्नड,
२५ नोव्हेंबर, दुपार

विश्वजित,

संस्कृतीचं पत्र वाचलं. मग तुझी दोन्ही पत्रं काढून परत वाचली.

म्हणजे घरचा भेदी मीच. तुला हे माझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं होतं. स्मरणिका कुणी काढत नव्हतं आणि इंद्रजीत कुणी नव्हता. रामायणातला इंद्रजीतही ढगाआडूनच बाण मारायचा, नाव बरोबर शोधलं मेल्यानं. आणि तू मला लिहितोस, फार बोलत बसू नका. म्हातारीला कशाला दुखवायचं, असंच ना? माझं मन जपायला तू त्या पोरीला बाहेर खुर्चीवर बसवलंस. चोरांनी मला नुसतं मेलेलं दाखवलं. तू मला बिनकामाची ठरवलंस. त्यापेक्षा मेलेलं परवडलं.

मला लाज वाटते. फसले त्याची तर वाटतेच. पण त्याहून जास्त, ते फोन यायचे तेव्हा मी सकाळपासून केस विंचरून बसायचे त्याची वाटते. हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

आता ऐक. माझ्या वॉर्डात एक रीत होती. कुणा नर्सच्या हातून चुकीचं औषध गेलं, तर तिनं त्या क्षणी मला येऊन सांगायचं. मी आधी पेशंटकडं धावायचे. तिला बोलायचं ते पेशंट सावरल्यावर, दार लावून, आणि नोकरीवर आणायचं नाही. पहिल्यांदा ज्या मेट्रनच्या हाताखाली मी होते ती चुकीला घरी पाठवायची. तिच्या वॉर्डात चुका कमी नव्हत्या, फक्त कळायच्या उशिरा. एक पेशंट त्या उशिरानं आंधळा झालेला मी पाहिलाय. संस्कृतीला काढलंत तर पुढच्या खेपेला तुला फोन कुणीही करणार नाही, आणि तुझ्या आकड्यांचा, पासवर्डांचा काही उपयोग व्हायचा नाही.

कडूबा हे पत्र तुला देईल तेव्हा मी गाडीतच बसलेली असेन. उद्याच्या मीटिंगला माझी खुर्ची लावून ठेव. उतरायला मुकुंदवाडीची बहीण आहे, तुझ्या घरची व्यवस्था नको.

वच्छला

*

छत्रपती संभाजीनगर,
८ डिसेंबर

वच्छलाबाई, नमस्कार.

मीटिंगचं कार्यवृत्त मी लिहिलं. त्यात दोनच ओळी आहेत: ‘माजी मेट्रन यांनी माहिती दिली. सविस्तर चर्चा झाली.’ सरकारी मराठीत एवढंच मावतं. जे मावलं नाही ते इथं लिहून ठेवतो, निदान एका कागदावर तरी असावं.

तुम्ही दारात आलात तेव्हा अप्पाराव हात जोडून उभे राहिले आणि बसायचं विसरले. तुम्ही म्हणालात, "बसा. भूत नाय मी." मग इंद्रजीतचं सगळं सांगितलंत. आवाज एकदाच कापला, केस विंचरायचं वगळून पुढं गेलात तिथं. मी तेव्हा मान खाली घातली होती, ते तुम्ही पाहिलंत.

अप्पाराव म्हणाले, "बाई, तुमचं समजू शकतो. पण पोरीनं एकदा फोन करून खात्री करायला नको होती?"

तुम्ही विचारलंत, "तुम्ही केली का खात्री?"

"अशा टायमाला कसं विचारायचं? बरं दिसतं का?"

"का नाय दिसत? आपण दवाखान्याची माणसं. वॉर्डात समोर पडलेल्याला कुणी नाडी बघितल्याशिवाय मेला म्हणतं का? मग मला कसं म्हणालात? माझी नाडी कुणी बघितली?"

मग अप्पाराव चष्मा पुसत म्हणाले, "मी बी उघडलं होतं, बाई. पासवर्ड बी टाकला. दोनदा." त्यांच्यापाठोपाठ डॉक्टरांनी हात वर केला, मग फार्मसीनं, मग हिशेबवाल्यांनी. मला हे सगळं मशीनवर आधीच दिसलं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठराव झाला. चूक झाल्याबरोबर जो सांगेल त्याच्यावर कारवाई नाही. आणि मेलवर, फोनवर कुणाचाही निरोप येवो, ट्रस्टचा, बँकेचा, नाहीतर यमाचा, आधी आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. विचारलं म्हणून कुणी रागवायचं नाही. लोक आता याला ‘नाडी बघणं’ म्हणतात. मी सायबर सुरक्षेचा मोठा तक्ता लावला होता, तो कुणी वाचत नाही. हे दोन शब्द मात्र शिपायांनाही पाठ झाले आहेत.

संस्कृती रेकॉर्ड रूममध्ये आपल्या जागेवर आहे.

आता माझं. तुमचं मन दुखू नये म्हणून मी गप्प राहिलो, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तुम्हाला ते सांगायचं अवघड काम मला नको होतं, आणि मुलीला काढू देणं त्यामानानं सोपं होतं. मला तुमची माफी हवी आहे. तिचीही मागितली आहे. तिनं दिली, पण अजून माझ्याकडे बघून बोलत नाही.

आपला,
विश्वजित

*

कन्नड,
९ डिसेंबर

विश्वजित,

माफी दिली. तिची मनापासून मिळायला वेळ लागेल, तो लागू दे.

परवा तुला फोन केला तेव्हा घाईत फक्त नंबर सांगितला. त्या इंद्रजीतचा पुन्हा फोन आला होता. मी लगेच तुला कळवलं, नियमाप्रमाणं. नंबर तू पोलिसांच्या सायबर शाखेला दिलास तेही बरं केलंस. पण फोनवर सांगितलं नाही ते आता सांगते.

"बाई, ओळखलंत का?" म्हणाला. आवाज ऐकला आणि आधी मला आनंद झाला. सगळं माहीत असून आनंदच झाला. मग भानावर आले. तो म्हणाला, राहिलेलं थोडं विचारायचंय. मी म्हटलं, "विचार, पण आधी माझं एक सांग. मी मेले असं लिहिताना तुला काहीच वाटलं नाही का रे? तू तर माझं सगळं ऐकलं होतंस." त्यानं फोन ठेवून दिला.

चोर होता, ठीक आहे. पण अख्ख्या जन्मात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ते पुस्तक आता निघणार नाही, याचं मला वाईट वाटतं. या वयात कशाचं वाईट वाटावं त्याचा काही नेम नाही.

वच्छला

*

छत्रपती संभाजीनगर,
१५ डिसेंबर

बाई,

सरांनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. न विचारता दिलं म्हणून रागावू नका. मी त्यांच्याशी आता बोलते.

ट्रस्टनं खरंच स्मरणिका काढायची ठरवलीय. अप्पाराव साहेबांनी सही केली. तुमचं सगळं लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलंय, मीच मागून घेतलं. पुढच्या मंगळवारी कॅम्पच्या गाडीतून येऊ का? दिवसभर थांबेन.

चिमणी

*

कन्नड,
१६ डिसेंबर

चिमणे,

पत्र मिळालं. अक्षर तुझंच होतं, कागदही आपल्याच दवाखान्याचा होता, आणायला कडूबा होता. तरी मी माझ्या जुन्या डायरीतला दवाखान्याचा नंबर काढून फोन लावला आणि विश्वजितला विचारलं, पोरीला खरंच पाठवताय का? तो हसला आणि हो म्हणाला. मग त्याला न सांगता अप्पारावांना वेगळं विचारलं. त्यांचंही उत्तर तेच आलं.

नाडी बघून झाली. ये.

सुरुवात कुठून करायची ते मी ठरवलंय. मी मेले त्या सोमवारपासून. सकाळी आठपर्यंत पोच, तेव्हा घरात कुणी नसतं. मी केस विंचरून बसलेली असेन.

वच्छला